एल्गारचं चेंबर म्युझिक: रेकॉर्डिंग शोधावं, पारखावं आणि ऐकावं कसं

सर्च बॉक्समध्ये देवनागरीत ‘एल्गार’ टाइप केलं की आंदोलनं, मोर्चे आणि परिषदा निघतात, संगीतकार काही निघत नाही. तेव्हा नाव रोमन लिपीत आणि ‘एडवर्ड’सकट टाकायचं. एवढं केल्यावरही पहिली काही पानं ऑर्केस्ट्राची असतात, कारण एडवर्ड एल्गार (१८५७–१९३४) जगाला माहीत आहे तो ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’, चेलो कॉन्चेर्टो आणि ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’चा म्हणून. त्याचं प्रौढ वयातलं मोठं चेंबर म्युझिक, म्हणजे दोन ते पाच वादकांनी एका खोलीत वाजवायचं संगीत, जेमतेम दीड तासाचं आहे. पण त्या दीड तासाची रेकॉर्डिंग भरपूर आहेत आणि त्यातली बरीच एकाच ठिकाणी फसतात: हळू आवाजातल्या जागांवर. जोरकस जागा सगळ्यांनाच जमतात. म्हणून या संगीताचं रेकॉर्डिंग विकत घेण्यापूर्वी किंवा प्लेलिस्टमध्ये टाकण्यापूर्वी त्याच्या शांत जागा ऐकायच्या. त्या कुठे आहेत आणि तिथे काय ऐकायचं, ते पुढे सांगितलं आहे.

तीन रचना आणि एका सीडीचं गणित

मार्च १९१८मध्ये लंडनला एल्गारच्या टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो पत्नी अ‍ॅलिससह वेस्ट ससेक्समध्ये फिटलवर्थजवळच्या ब्रिंकवेल्स नावाच्या भाड्याच्या कॉटेजमध्ये राहायला गेला. तिथे पाठोपाठ तीन रचना झाल्या: ई मायनरमधला व्हायोलिन सोनाटा (व्हायोलिन आणि पियानो), ओपस, म्हणजे रचना क्रमांक, ८२, ई मायनरमधला स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हियोला, चेलो), ओपस ८३, आणि ए मायनरमधला पियानो क्विंटेट (पियानो आणि स्ट्रिंग क्वार्टेट), ओपस ८४. ओपसचे आकडे ओळीने असले तरी काम एकात एक गुंतलेलं होतं. सोनाटा सप्टेंबर १९१८मध्ये पुरा झाला, क्वार्टेट २४ डिसेंबरला आणि क्विंटेट १९१९च्या सुरुवातीला. लगेच पाठीवर चेलो कॉन्चेर्टो, ओपस ८५. तोही ई मायनरमध्येच.

सोनाटा, क्वार्टेट आणि चेलो कॉन्चेर्टो तिन्ही ई मायनरमध्ये असल्यामुळे शोधताना ‘एल्गार ई मायनर’ एवढ्यावर विसंबू नका. ओपस क्रमांक टाका. ८२, ८३, ८४ हे तीन आकडे लक्षात राहिले की अर्धा घोळ मिटतो.

आता वेळा. सोनाटा साधारण २५ ते २७ मिनिटं, क्वार्टेट २६ ते २८, क्विंटेट ३६ ते ३८. बेरीज ९० मिनिटांच्या आसपास जाते आणि सीडीवर फार तर ८० मिनिटं मावतात. त्यामुळे तिन्ही रचना एका सीडीवर मिळत नाहीत. क्वार्टेट आणि क्विंटेट मिळून ६५ मिनिटांच्या आसपास बसतात, म्हणून कंपन्या ती जोडी एकत्र काढतात आणि सोनाटा दुसरीकडे जातो: कधी एल्गारच्याच छोट्या तुकड्यांसोबत, कधी दुसऱ्या संगीतकाराच्या सोनाटासोबत. संग्रह उभा करायचा तर सुरुवातीपासून दोन अल्बमचा हिशोब धरा. ‘संपूर्ण चेंबर म्युझिक’ असं लिहिलेली एकच सीडी दिसली तर ट्रॅकची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका.

शोधताना लागणाऱ्या ठेचा

सगळ्यात मोठी ठेच म्हणजे ‘सालू दामूर’. १८८८ सालचा हा व्हायोलिन–पियानोचा गोड तुकडा इतक्या वेळा आणि इतक्या वाद्यांवर रेकॉर्ड झाला आहे की ‘एल्गार व्हायोलिन पियानो’ म्हटलं की तोच पुढे येतो. त्याच्या पाठोपाठ ‘शान्सों द मातँ’ आणि ‘शान्सों द न्वी’. तिन्ही छान आहेत, पण ओपस ८२च्या मोजमापाने पाहायचे नाहीत.

दुसरी ठेच: स्ट्रिंग्जसाठीची ‘सेरेनेड’, ओपस २० आणि ‘इंट्रोडक्शन अँड अलेग्रो’, ओपस ४७. स्ट्रीमिंग सेवा या दोन्ही ‘चेंबर’ खात्यात टाकतात. दोन्ही स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी आहेत. दुसऱ्यात एकल क्वार्टेट असतो खरा, पण त्याच्यामागे अख्खा स्ट्रिंग विभाग उभा असतो.

तिसरी ठेच जास्त फसवी. पियानो क्विंटेटचं डोनाल्ड फ्रेझर यांनी केलेलं ऑर्केस्ट्रा रूपांतर रेकॉर्ड झालेलं आहे. शीर्षकात ‘पियानो क्विंटेट’ हेच शब्द असतात आणि ‘ऑर्केस्ट्रेटेड’ हा शब्द लांब शीर्षकाच्या शेवटी, मोबाइलच्या पडद्याबाहेर कापला जातो. वादकांच्या रकान्यात कंडक्टरचं नाव दिसलं तर तो क्विंटेट नव्हे.

आणि ब्रॉड्स्की. ओपस ८३ ‘ब्रॉड्स्की क्वार्टेट’ला अर्पण केलेला आहे, म्हणजे व्हायोलिनवादक अडॉल्फ ब्रॉड्स्कीच्या त्या काळच्या गटाला. आजचा ब्रॉड्स्की क्वार्टेट १९७२ साली सुरू झाला आणि त्याने फक्त नाव घेतलं. त्यांनी ही रचना रेकॉर्डही केली आहे. ते वादन वाईट नाही, पण ‘ज्यांच्यासाठी लिहिली त्यांचंच रेकॉर्डिंग’ असं समजून कोणी ते घेऊ नये.

कानाने पारखायच्या जागा

आधी स्कोअर, म्हणजे रचनेची छापील सुरावट, मिळवा. एल्गारला जाऊन ७० वर्षांहून जास्त काळ लोटला असल्यामुळे तिन्ही रचनांच्या जुन्या छापील प्रती स्वामित्वहक्कातून मोकळ्या झाल्या आहेत आणि आयएमएसएलपी या स्कोअरच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. नोटेशन वाचता येत नसलं तरी हरकत नाही. किती वाद्यं चालू आहेत आणि आवाजाची खूण ‘पी’ (हळू) आहे की ‘एफ’ (जोरात), एवढं नजरेनं कळलं तरी काम भागतं. एल्गार दर दोन-चार मापांना सूचना लिहितो: थोडं थांबा, पुन्हा लयीत या, इथे हलकं. वादकाने त्या सूचना पाळल्या की गुंडाळल्या, हे स्कोअर समोर असला की पाच मिनिटांत उघडं पडतं.

सुरुवात क्विंटेटपासून करा, कारण रेकॉर्डिंगची परीक्षा सगळ्यात कडक तिथेच होते. पहिला भाग, ‘मॉडेराटो – अलेग्रो’, उघडतो तेव्हा पियानो सप्तकांत, चर्चमधल्या जुन्या एकसुरी गाण्यासारखी एक संथ ओळ हळू आवाजात वाजवतो आणि स्ट्रिंग्ज त्याखाली तुटक पुटपुटतात. पहिली दोन मिनिटं तीनदा ऐका. पहिल्या वेळी फक्त पियानो: ओळ अखंड वाटते की एकेक खुंटी ठोकल्यासारखी? दुसऱ्या वेळी फक्त पुटपुटणं: ते तुकडे स्वच्छ ऐकू येतात की नुसती खसखस होते? तिसऱ्या वेळी दोन्ही: पियानो आणि स्ट्रिंग्ज एकाच खोलीत आहेत असं वाटतं का? पुष्कळ रेकॉर्डिंगमध्ये पियानो पुढच्या सोफ्यावर आणि क्वार्टेट मागच्या व्हरांड्यात बसलेला असतो. पियानोचं झाकण पूर्ण उघडं ठेवून माइक जवळ लावला की असं होतं. उलट झाकण जवळजवळ बंद ठेवलं तर खालचे सूर घोंगडीत गुंडाळल्यासारखे येतात आणि ही सुरुवात, जी थोडी भुताटकीची असायला हवी, नुसती गढूळ होते. ब्रिंकवेल्सजवळच्या वाळक्या, वेड्यावाकड्या झाडांची एक दंतकथा या भागाशी जोडली जाते: वीज पडून मेलेल्या स्पॅनिश साधूंची ती झाडं, असं म्हणत. ती खरी मानायची गरज नाही, पण अंगावर काटा न आणणारी सुरुवात चुकलीच.

पुढे याच भागात स्ट्रिंग्जच्या पिझिकाटोवर, म्हणजे बोटांनी छेडलेल्या तारांवर, झुलणारी, थोडी स्पॅनिश वळणाची धून येते. इथे गती सुटते. काही गट तिला सलूनमधल्या नाचासारखी फिरवतात आणि मग तिच्यानंतरचा अंधार खोटा वाटतो. धून हसरी असली तरी तिचा पाय जमिनीवर हवा.

मग जोराच्या जागा. एल्गार क्विंटेटमध्ये चारही स्ट्रिंग्जना सप्तकांत एकच ओळ देतो आणि समोर पियानोचे भरगच्च कॉर्ड ठेवतो. सप्तकांतली ओळ म्हणजे सुरेलपणाची उघडी परीक्षा. चौघांतला एक जरी काही सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा हिस्सा) वर असला तरी तो किनारीसारखा खुपतो. काही प्रॉड्युसर ते झाकायला प्रतिध्वनी वाढवतात. खूण अशी: जोराचा कॉर्ड संपल्यावर शांततेत शेपटी किती वेळ रेंगाळते ते ऐका. ती पुढच्या मापात शिरत असेल तर आतले सूर वाहून गेलेच म्हणून समजा.

दुसरा भाग, ‘अडाजिओ’, व्हियोलाच्या गाण्याने सुरू होतो. रेकॉर्डिंग चांगलं असेल तर पहिल्या सुरालाच कळतं की हा व्हियोला आहे, खालच्या तारांवरचं व्हायोलिन नाही. स्पीकर किंवा हेडफोन बदलून पाहायचे असतील तर हाच परिच्छेद वापरा. व्हियोलाचं लाकूड ऐकू न येणाऱ्या हेडफोनवर चेंबर म्युझिक ऐकण्यात अर्थ नाही. तिसऱ्या भागात मध्येच पहिल्या भागाची भुतं परत येतात. पहिल्या वेळी तुम्ही ती ओळखली नाहीत तर दोष तुमचाच असेल असं नाही. सुरुवात विसरून वाजवणाऱ्या गटांचा शेवट नुसता थाटाचा होतो.

क्वार्टेटमध्ये मधला भाग गाठा. शीर्षक आहे ‘पियाचेवोले’, म्हणजे प्रसन्न, सुखद. सुरुवातीला पहिलं व्हायोलिन गप्प असतं. बाकीचे तिघे धून मांडतात आणि ते नंतर हळूच येऊन मिसळतं. हा प्रवेश दाराला धक्का देऊन झाला तर रेकॉर्डिंग बाजूला ठेवा. लेडी एल्गारने, म्हणजे अ‍ॅलिसने, या भागाला बंदिस्त केलेलं सूर्यप्रकाशाचं तेज म्हटलं होतं. एप्रिल १९२०मध्ये लिटल मॅल्व्हर्नला तिच्या अंत्यविधीत हाच भाग वाजवला गेला आणि तेव्हापासून अनेकांनी त्याचं शोकगीत करून टाकलं. लांबी दहा मिनिटांच्या आसपास राहावी. फार पुढे गेली तर शीर्षक पुन्हा वाचायची वेळ वादकांवर आली आहे. शेवटाकडे वाद्यांना म्यूट, म्हणजे आवाज दबवणारे चिमटे, लागतात. त्या जागी सुराचा रंग बदलायला हवा. नुसता आवाज कमी झाला तर ते म्यूट फुकट गेले.

पहिल्या आणि तिसऱ्या भागाबद्दल थोडक्यात. पहिला बाराअष्टमांश तालात वाहतो आणि तीन-तीनच्या लाटा दिसल्या नाहीत तर तो अडखळतो. तिसरा, ‘अलेग्रो मोल्टो’, घाईत सुटतो आणि स्वस्त टाळी घेतो. चेलो प्रत्येक वळणावर ऐकू येत असेल तर तो चांगला.

सोनाटा दोघांचाच, म्हणून त्यात लपायला जागा नाही. पहिल्या भागाची सुरुवात आवेशाची. तो आवेश ओसरल्यावर व्हायोलिन चारही तारांवरून हळू, मोडलेले कॉर्ड वाहायला लागतं आणि जवळजवळ काहीच घडत नाही. घडू देऊही नये. इथे जड व्हायब्रेटो (सुराची थरथर) लावणारा वादक कितीही नावाजलेला असो, तो हा सोनाटा समजलेला नाही. दुसरा भाग, ‘रोमान्स’, तुटक आणि लहरी सुरुवातीचा; मध्ये एक रुंद धून उघडते. हीच धून शेवटच्या भागाच्या अखेरीकडे परत येते. सोनाटा अर्पण करायचा होता त्या मारी जोशुआ या स्नेही बाईंचं निधन झाल्याची बातमी काम चालू असतानाच आली, आणि त्या आठवणीसाठी एल्गारने ती धून पुन्हा आणली. ही जागा वाजवताना लय किती मोडायची, हा या सोनाटातला सगळ्यात अवघड निर्णय. अगदीच न मोडणं कोरडं आणि पूर्ण थांबणं नाटकी. दोन्हींच्या मधे जे रेकॉर्डिंग तुम्हाला पटेल तेच तुमचं.

तुलना करताना आवाज बरोबर ठेवा

दोन रेकॉर्डिंगपैकी जे एक-दोन डेसिबलने मोठं, ते कानाला चांगलं वाटतं. ही साधी गोष्ट न पाळल्यामुळे लोक महिनोन्‌महिने चुकीच्या रेकॉर्डिंगवर जीव लावून बसतात. मोबाइलवर ध्वनिपातळी मोजायचं कुठलंही अ‍ॅप घ्या, ते ऐकण्याच्या जागी ठेवा, दोन्ही रेकॉर्डिंगमधला एकच दीड मिनिटाचा तुकडा वाजवा आणि सरासरी एका डेसिबलच्या आत आणा. अ‍ॅपचा आकडा अचूक असण्याची गरज नाही, दोन्ही वेळा एकाच जागी असणं गरजेचं. मगच बाजू बदला, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला बदलायला सांगा, म्हणजे कोणतं चालू आहे ते तुम्हाला कळणार नाही.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर आवाज समान करणारी सेटिंग आधी तपासा. ती प्रत्येक ट्रॅक वेगळा धरून चालत असेल तर ‘पियाचेवोले’ फुगवला जातो आणि पुढचा भाग दाबला जातो. दोन भागांमधलं एल्गारने ठरवलेलं अंतर नाहीसं होतं. ‘अल्बम’ पर्याय असेल तर तो घ्या, नाहीतर सेटिंग बंद करा. शफल तर बंदच.

आवाज एकदाच ठरवा: क्वार्टेटच्या मधल्या भागाची सुरुवात सहज ऐकू येईल इतका. त्यानंतर पूर्ण रचना संपेपर्यंत हात लावू नका. शेवटचा भाग त्रासदायक मोठा वाटला तर चूक बहुधा रेकॉर्डिंगची किंवा खोलीची असते.

१९३३ आणि १९३५: जुनी ध्वनिमुद्रणं

एल्गार रेकॉर्डिंगच्या बाबतीत त्याच्या पिढीत सगळ्यात पुढे होता. १९१४पासून त्याने स्वतःच्या ऑर्केस्ट्रा रचना एचएमव्हीसाठी कंडक्ट केल्या. या तीन रचनांत मात्र तो स्वतः कुठेही वाजवत नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारी रेकॉर्डिंग दोन.

पहिलं: स्ट्रॅटन क्वार्टेटने १९३३ साली केलेला ओपस ८३, आणि त्याच वर्षी हॅरिएट कोहेनसोबत केलेला ओपस ८४. तेव्हा एल्गार अंथरुणाला खिळला होता; चाचणीच्या तबकड्या त्याच्यापर्यंत पोहोचवण्यात आल्या. २३ फेब्रुवारी १९३४ला तो गेला.

दुसरं: अल्बर्ट सॅमन्स आणि पियानोवर विल्यम मर्डोक यांनी १९३५ साली केलेला सोनाटा. सोनाटाचं पहिलं जाहीर वादन यांचं नव्हे. ते २१ मार्च १९१९ला लंडनच्या एओलियन हॉलमध्ये डब्ल्यू. एच. रीड आणि लँडन रोनाल्ड यांनी केलं होतं. पण २१ मे १९१९ला विगमोर हॉलमध्ये क्विंटेट पहिल्यांदा वाजला तेव्हा सॅमन्स आणि मर्डोक दोघेही मंचावर होते. म्हणजे हे लोक एल्गारसमोर वाजवलेले आहेत.

या रेकॉर्डिंगमध्ये ऐकायचं काय, तर एका सुरावरून दुसऱ्यावर बोट घसरत नेणं, पोर्टामेंटो. मराठी कानाला ते मींडेसारखं लगेच ओळखीचं वाटतं. युरोपियन संगीतात मात्र ते दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ हद्दपार झालं. ते जुनाट नखरे म्हणून सोडून देऊ नका. एल्गारने सूर लिहिले ते अशा बोटांना गृहीत धरूनच. सॅमन्स कुठे घसरतो आणि कुठे मुद्दाम घसरत नाही हे मोजून पाहिलं तर आजच्या रेकॉर्डिंगमध्ये काय गायब आहे ते कळतं.

आता या जुन्या ध्वनिमुद्रणांचे रोग. लाखेच्या १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावत. सोनाटासाठी साधारण सहा बाजू, क्विंटेटसाठी त्याहून जास्त. त्यामुळे दर चार मिनिटांनी जोड येतो. ट्रान्सफर, म्हणजे तबकडीवरून नवी प्रत, करणाऱ्याने तो नीट केला असेल तर कळत नाही. नसेल तर खरखरीचा पोत अचानक बदलतो किंवा अर्धा ठोका गिळला जातो. जोड तपासायला चौथ्या आणि आठव्या मिनिटाच्या आसपास कान लावा.

दुसरा रोग सूर चढण्या-उतरण्याचा. तबकडीवर ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, लिहिलेलं असलं तरी कापताना मशिन नेमकं तेवढंच फिरेल याची खात्री नसे. ७८ फेऱ्यांनी कापलेली तबकडी ७९ने वाजवली की सूर सुमारे २२ सेंट चढतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त, आणि २५ मिनिटांच्या रचनेत जवळपास वीस सेकंद कमी होतात. ‘जुने वादक वेगात वाजवायचे’ या समजुतीतला थोडा हिस्सा असा मशिनचा असतो. तपासायला मोबाइलवर ट्यूनर लावा आणि क्विंटेटमधला पियानोचा एकटा, लांब सूर पकडा, कारण पियानोला सूर हलवता येत नाही. १९३९ साली ४४० हर्ट्झ ठरण्यापूर्वी ब्रिटनमध्ये ४३९ हे माप प्रचलित होतं. दोन्हींत जेमतेम चार सेंटचा फरक. ट्रान्सफर त्यापेक्षा पंधरा-वीस सेंट बाहेर असेल तर दुसरा ट्रान्सफर शोधा. एकाच रचनेत दोन बाजूंचा सूर वेगळा लागला तर काम निष्काळजी आहे.

तिसरा रोग अतिस्वच्छतेचा. खरखर पुसताना व्हायोलिनचे वरचे उपस्वरही पुसले जातात आणि सॅमन्स उशीत तोंड खुपसून वाजवतोय असं वाटतं. चाचणी सोपी आहे: सूर थांबतो त्या क्षणी खरखरही बंद पडत असेल तर फिल्टर जास्त झाला आहे. थोडी सरळ, एकसारखी खरखर राहू दिलेला ट्रान्सफर घ्या. कान पाच मिनिटांत तिला विसरतो. आणि ही मोनो रेकॉर्डिंग आहेत, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, कारण दोन चॅनेल एकत्र केले की तबकडीच्या उभ्या हालचालीतून येणारा बराचसा गोंगाट आपोआप कापला जातो.

मूळ तबकडीच मिळाली आणि स्वतः वाजवायची असेल तर दोनच गोष्टी सांभाळा. एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि फक्त कचरा वाचते. सुमारे ७५ मायक्रॉनची, म्हणजे एलपीच्या साधारण तिप्पट रुंद सुई हवी. आणि धुताना अल्कोहोल अजिबात नको. एलपीवर चालणारं आयसोप्रोपिल असलेलं द्रावण लाखेला विरघळवतं, तबकडी कायमची जाते. डिस्टिल्ड पाण्यात दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, कागदी लेबल कोरडं ठेवून. प्रीअ‍ॅम्पमधली आरआयएए, म्हणजे खर्ज आणि तार यांची ठरावीक जुळणी, ही १९५४नंतर सर्वत्र झालेली, त्यामुळे जुन्या तबकडीला खर्ज आणि तार हाताने जुळवून घ्यावे लागतात.

कुठून सुरू करावं

क्वार्टेट आणि क्विंटेट एकत्र हवे असतील तर मॅगिनी क्वार्टेट आणि पीटर डोनोहो यांचं नॅक्सोस लेबलवरचं रेकॉर्डिंग पहिलं ठेवा. वाद्यांची जागा स्पष्ट आणि बडेजाव कमी. त्याच्या शेजारी ठेवायला गोल्डनर क्वार्टेट आणि पिअर्स लेन यांचं हायपेरियनवरचं घ्या. वर सांगितलेल्या शांत जागांवर ही दोन रेकॉर्डिंग समोरासमोर लावली की तुलना करायची सवय लागते. थोडा जुना, जाडसर रंग आवडत असेल तर अ‍ॅलेग्री क्वार्टेट आणि जॉन ऑग्डन यांचा क्विंटेट.

सोनाटासाठी निवड जास्त आणि म्हणून गोंधळही जास्त. नायजेल केनेडी आणि पीटर पेटिंजर यांचं चँडोसवरचं रेकॉर्डिंग केनेडीच्या तरुणपणातलं. ‘सालू दामूर’ची मंडळीही त्याच अल्बमवर आहेत, त्यामुळे एका घेण्यात दोन कामं होतात. जेम्स एनेस आणि अँड्र्यू आर्मस्ट्राँग यांनी तो देबुसी आणि रेस्पीगीच्या सोनाटांसोबत ठेवला आहे. १९१७–१८च्या सुमारास तीन देशांत व्हायोलिन सोनाटाचं काय चाललं होतं ते त्यातून दिसतं, आणि एल्गार त्यात सगळ्यात मागासलेला ठरत नाही. मिडोरी आणि रॉबर्ट मॅकडोनाल्ड यांनी फ्रँकशी जोडी लावली. ह्यू बीन आणि डेव्हिड पार्कहाऊस यांचं मात्र चुकवू नका: बीन हे सॅमन्सचे शिष्य. १९३५चं रेकॉर्डिंग आणि हे, पाठोपाठ ऐका. गुरूची घसर शिष्याने कुठे ठेवली आणि कुठे सोडली ते ऐकायला मिळतं.

तीनही रचना पचल्यावर तरुणपणचं एक कपाट उघडून पाहायला हरकत नाही. एल्गार विशीत असताना दोन फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बासून (खर्जातलं फुंकवाद्य) या पाच वाद्यांसाठी मित्रमंडळींकरता लिहीत होता, आणि बासून तो स्वतः वाजवायचा. अथेना एन्सेम्बलने चँडोससाठी या रचना रेकॉर्ड केल्या आहेत. ओपस ८४च्या भुतांची इथे कुठे चाहूल लागत नाही. हलकं, खेळकर, वीस मिनिटं ऐकायला पुरे.

साठवताना

सीडी कॉम्प्युटरवर घेत असाल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या, चुका पुन्हा तपासणाऱ्या प्रोग्रॅमने घ्या. फ्लॅक फाइल (आवाजातलं काही न गमावता आकार कमी करणारी) ठेवा: सीडीचा कच्चा आवाज मिनिटाला साधारण १० मेगाबाइट होतो, फ्लॅकमध्ये चेंबर म्युझिक बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. टॅग भरताना ‘कलाकार’ या रकान्यात गटाचं आणि पियानोवादकाचं नाव, ‘संगीतकार’ रकान्यात एल्गार, आणि ट्रॅकच्या नावात आधी ओपस क्रमांक मग भागाचा आकडा. ऑनलाइन डेटाबेसमधून आपोआप येणारे टॅग पुष्कळदा एल्गारलाच ‘कलाकार’ करतात. मग दहा क्वार्टेटची रेकॉर्डिंग एका नावाखाली ढीग होऊन पडतात आणि मॅगिनी कोणतं, गोल्डनर कोणतं ते फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी आणखी एक रकाना भरा: ट्रान्सफर कुणी केला. स्ट्रॅटन क्वार्टेटचं १९३३चं वादन एकच असलं तरी त्याचे ट्रान्सफर वेगवेगळे असतात, आणि ट्यूनर लावून निवडलेला नेमका तोच पुन्हा सापडायला हवा.